नऊ जिल्हे आणि चार रकाने

आम्ही नवरा-बायको दोघेही जिल्हा परिषदेचे शिक्षक. एकाची नोकरी मराठी शाळेत गेली, एकीची उर्दू शाळेत. शिक्षकाच्या वाट्याला शिकवण्याखेरीज जी कामे येतात त्यांत जनगणना हे मोठे काम. 1991, 2001 आणि 2011 या तिन्ही वेळा आम्ही प्रगणक म्हणून वाड्या-मोहल्ले पालथे घातले. तेव्हापासून कोणत्याही मुलुखाविषयी वाचताना आमची नजर आधी लोकसंख्येच्या तक्त्यावर जाते. मुलगा नोकरीनिमित्त मॉरिशसला गेला आणि निवृत्तीनंतर आम्ही दोन फेऱ्यांत मिळून सात महिने त्याच्याकडे राहिलो. लोक तिथे समुद्रकिनारे पाहायला जातात, आणि अम्मी-अब्बा माणसे मोजत बसले, असे सून अजून चिडवते. तिचे म्हणणे अगदीच खोटे नाही.

मॉरिशस केवढा, हे कोकणातल्या माणसाला लगेच समजेल असे सांगतो. सगळी बेटे धरून 2,040 चौरस किलोमीटर. आपला रत्नागिरी जिल्हा 8,208. म्हणजे जिल्ह्याचा साधारण चौथा हिस्सा. एवढ्याशा जागेत साडेबारा लाखांना थोडी कमी माणसे राहतात. चौरस किलोमीटरला सहाशे. आफ्रिका खंडातल्या देशांत इतकी दाटी क्वचितच सापडते. मुख्य बेट लांबीला 65 किलोमीटर, रुंदीला 45. त्याचे नऊ जिल्हे. नावे फ्रेंच वळणाची, आमच्या जिभेला वळायला महिना लागला : पोर्ट लुई, पाम्प्लेमूस, रिव्हिएर द्यु राम्पार, फ्लाक, ग्रां पोर, सावान, प्लेन विल्हेम्स, मोका आणि ब्लॅक रिव्हर. जिल्हा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कलेक्टर कचेरी येते. तिथे कलेक्टर नाही. कारभार पाच शहरांत नगरपालिकांकडे आणि बाकी सात जिल्ह्यांत जिल्हा मंडळांकडे.

सगळ्यांत लहान जिल्हा पोर्ट लुई, राजधानीचा. जेमतेम 43 चौरस किलोमीटर. बंदर, बाजार, संसद, जुम्मा मशीद सगळे तिथेच. पण सर्वांत जास्त माणसे राजधानीत नाहीत, ती शेजारच्या प्लेन विल्हेम्समध्ये आहेत. देशातली जवळजवळ तीस टक्के. क्युरपिप, रोझ हिल, कात्र बोर्न, व्हाकोआ ही शहरे एकाला एक लागून तिथल्या पठारावर वसलेली. माणूस बंदर सोडून डोंगरावर का चढला, हे आम्ही विचारत राहिलो. उत्तर निघाले हिवतापाचे. 1867 साली बेटावर मलेरियाची अशी साथ आली की हजारोंनी माणसे गेली. पोर्ट लुईत तर हाहाकार उडाला. ज्यांना परवडले ते थंड, उंचावरच्या हवेत राहायला गेले. नुकतीच रेल्वे सुरू झाली होती, तिने सोय केली. रेल्वे विसाव्या शतकात बंद पडली, पण माणसे परत खाली उतरली नाहीत. आजही संध्याकाळी पोर्ट लुईतून वर चढणाऱ्या गाड्यांची रांग पाहिली की दीडशे वर्षांपूर्वीच्या डासांची आठवण होते. आमचा मुलगाही त्याच रांगेच्या वरच्या टोकाला, एबेनमध्ये कामाला.

उत्तरेला आणि पूर्वेला ऊस, आणि उसाच्या कडेने हिंदुस्थानी वंशाच्या लोकांची गावे. पश्चिमेचा ब्लॅक रिव्हर कोरडा आणि विरळ वस्तीचा. त्याच्या टोकाला ल मोर्न नावाचा कडा आहे. मळ्यांतून पळालेले गुलाम तिथे लपत. आफ्रिकी वंशाच्या क्रिओल लोकांना त्या कड्याविषयी काय वाटते ते त्यांच्या तोंडूनच ऐकावे.

मुख्य बेटाबाहेर रॉड्रिग्ज. पूर्वेला 560 किलोमीटरवर, चव्वेचाळीस हजारांच्या आसपास वस्ती, बहुतेक सगळे कॅथलिक क्रिओल. 2002 पासून त्यांची स्वतःची प्रादेशिक सभा आहे. उत्तरेला हजार किलोमीटरवर आगालेगा, तिथे काही शेच माणसे. आणि शागोस. शागोसविषयी लिहिताना हात जड होतो. मॉरिशसला स्वातंत्र्य देण्याआधी, 1965 मध्ये, ब्रिटिशांनी हा द्वीपसमूह वेगळा काढला. पुढे 1968 ते 1973 या काळात दिएगो गार्सियावर अमेरिकेच्या लष्करी तळासाठी तिथल्या दीड-दोन हजार रहिवाशांना उचलून मॉरिशस आणि सेशेल्सच्या धक्क्यांवर सोडून दिले. पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना कंत्राटी मजूर ठरवले गेले. कायमचे रहिवासी कोणी नाहीतच असे एकदा कागदावर आले की हुसकावणे सोपे जाते. 2019 मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हे विलगीकरण बेकायदेशीर असल्याचे मत दिले, 2025 मध्ये बेटे परत देण्याच्या करारावर सह्या झाल्या. ज्यांना धक्क्यावर उतरवले त्यांतले बरेच तोवर अल्लाहघरी गेले होते.

आता माणसे. या बेटावर मूळचे रहिवासी असे कोणी नाहीतच. आधी डच येऊन गेले, मग फ्रेंच आले, त्यांनी आफ्रिका आणि मादागास्करमधून गुलाम आणले, मग ब्रिटिश आले. 1835 मध्ये गुलामगिरी संपली. उसाला माणूस हवा होता. म्हणून 1834 पासूनच कलकत्ता, मद्रास आणि मुंबई बंदरांतून करारावर मजूर आणायला सुरुवात झाली होती. पुढच्या काही दशकांत साडेचार लाखांच्या घरात माणसे आली. पोर्ट लुईच्या धक्क्यावर ज्या दगडी पायऱ्या चढून ती आली त्या सोळा पायऱ्या अजून आहेत. मोक्याच्या महात्मा गांधी संस्थेत त्यांच्या नोंदवह्या ठेवल्या आहेत : माणसाचा क्रमांक, जहाज, गाव, जिल्हा, जात. प्रगणकांच्या डोळ्यांनी आम्ही तो नमुना पाहिला. जातीच्या रकान्यात मुसलमानासमोर नुसते मुसलमान. विणकर असो, शेतकरी असो, भिश्ती असो. तिथे उतरताच सगळे एक झाले.

मुसलमानांतले बहुतेक याच मजुरांचे वंशज, बिहारकडचे, घरात भोजपुरी बोलणारे. त्यांच्याशिवाय कच्छी मेमन आणि सुरती व्यापारी आले, कापड आणि धान्याच्या पेढ्या घातल्या. 1850 च्या दशकात रॉयल रोडवर जुम्मा मशीद उभी राहिली. तिच्या अंगणात बदामाचे जुने झाड आहे, आपल्याकडे शाळेच्या आवारात असते तसेच.

कात्र बोर्नला आमच्या शेजारी एक वृद्ध बाई राहत. सगळी आळी त्यांना नानी म्हणे, आम्हीही म्हणू लागलो. त्यांची भोजपुरी आणि आमची दखनी वळणाची हिंदी, मध्ये थोडी क्रिओल घालून गप्पा चालत. जुम्म्याच्या दिवशी त्यांच्याकडून हलीम यायचे. तिथे ते वाटीत घालून सूपसारखे पितात, बरोबर पाव. आमच्याकडून नारळाच्या वड्या जायच्या. नानींचे लहानपण रोश ब्वामध्ये गेले. स्वातंत्र्याच्या दोन महिने आधी, जानेवारी 1968 मध्ये, पोर्ट लुईत मुसलमान आणि क्रिओल यांच्यात दंगल झाली. ब्रिटिश सैन्य बोलवावे लागले. नानींच्या घरच्यांनी रातोरात बिऱ्हाड हलवून प्लेन व्हर्तला नातेवाइकांकडे नेले. प्लेन व्हर्तमधले क्रिओल उलट दिशेने गेले. नानी म्हणाल्या, त्यांच्या अम्मीने शेजारणीकडे ठेवायला दिलेले पितळी पातेले वर्षभराने त्या क्रिओल बाईनेच आणून दिले. पण दोघींचा शेजार पुन्हा जुळला नाही. पोर्ट लुईच्या नकाशावर प्लेन व्हर्त आणि व्हाले पितो ही मुसलमानांची वस्ती म्हणून दाखवतात. भिवंडी, मालेगाव, मुंबई पाहिलेल्या वाचकांना हा भाग समजावून सांगायला नको.

भीती होती, म्हणून राज्यघटनेत तिच्यावर तोडगा घातला गेला, आणि आम्हाला सगळ्यांत जास्त विचार करायला लावले ते याच तोडग्याने. मुख्य बेटाचे 20 मतदारसंघ, प्रत्येकातून तीन खासदार, रॉड्रिग्जमधून दोन, मिळून 62. याशिवाय आठपर्यंत जागा निवडणुकीत पडलेल्यांसाठी. उमेदवाराने अर्ज भरतानाच आपला समाज लिहायचा. समाज चारच : हिंदू, मुस्लिम, चिनी-मॉरिशियन आणि या तिन्हींत न बसणारे ते सगळे सर्वसाधारण लोकसंख्या. निकालानंतर ज्या समाजाला त्याच्या लोकसंख्येच्या मानाने कमी जागा मिळाल्या असतील, त्यातल्या जास्त मते घेऊन हरलेल्यांना या जागा देत जायचे. याला बेस्ट लूझर पद्धत म्हणतात. ती मिळवण्यासाठी झटलेले अब्दुल रझाक मोहम्मद मूळचे कलकत्त्याचे. तरुणपणी मॉरिशसला आले, पोर्ट लुईचे महापौर झाले, मंत्री झाले. आज तिथल्या दोनशे रुपयांच्या नोटेवर त्यांचा चेहरा आहे. वीस मतदारसंघांतल्या तीन क्रमांकाच्या मतदारसंघात, पोर्ट लुईच्या मुस्लिम वस्तीत, मतदार सर्वांत कमी आहेत; मोठ्या मतदारसंघांच्या निम्मेही नाहीत. तरी खासदार तीनच. तिथल्या मुसलमानांना राजकारणात आपले कोणी नाही असे सहसा वाटत नाही. कासम उतीम दहा वर्षे राष्ट्राध्यक्ष होते आणि 2015 मध्ये अमीना गरीब-फकीम राष्ट्राध्यक्ष झाल्या, देशातली त्या पदावरची पहिली स्त्री.

पण समाजाची लोकसंख्या मोजायची कशावरून? 1972 च्या जनगणनेवरून. त्या वर्षी 8,26,199 माणसांत मुसलमान 1,37,081 होते. 1982 मध्ये राज्यघटना दुरुस्त करून जनगणनेतून समाजाचा प्रश्नच काढून टाकला. आता आपण सगळे मॉरिशियन, असा त्यामागचा विचार. विचार चांगला, पण आठ जागांची वाटणी मात्र चालू राहिली. म्हणजे आजही एखादी मतमोजणी संपली की 1972 मध्ये कोण किती होते ते काढून बघायचे. त्यातली बरीचशी माणसे आज हयातही नाहीत. काही तरुण उमेदवारांनी समाज लिहायला नकार दिला, त्यांचे अर्ज बाद झाले. प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीपर्यंत गेले आणि 2012 मध्ये समितीने त्यांच्या बाजूने मत दिले. 2014 च्या निवडणुकीपुरती सूट मिळाली, 2019 ला पुन्हा रकाना भरणे आले.

यावर आमच्या घरात दोन मते आहेत. एकाला वाटते, आकडा जुना झाला तर नवा मोजावा, नाहीतर पद्धत सोडून द्यावी. मेलेल्यांच्या शिरगणतीवर जिवंतांचा हक्क ठरवणे बरे नाही. दुसरी म्हणते, तुम्ही बहुसंख्यांच्या शाळेत शिकवलेत म्हणून असे बोलता. 1968 मध्ये रातोरात घर सोडलेल्या बाईला विचारा, आठ जागांची किंमत काय. नानींना आम्ही खरेच विचारले. त्यांनी हसून सांगितले, निवडून येणारा आपला असो की परका, पावसाळ्यात त्यांच्या माहेरच्या गल्लीत पाणी भरतेच.

लोकसंख्येचा आणखी एक धडा तिथे मिळाला. 1960 च्या सुमारास या बेटावर बाईमागे सरासरी सहा मुले होत. इंग्लंडहून आलेल्या तज्ज्ञांनी, त्यांत पुढे नोबेल मिळवणारे जेम्स मीडही होते, बेट माणसांच्या भाराने बुडेल असे भाकीत केले. पुढे मुलींच्या शाळा वाढल्या, दवाखाने झाले, कापड कारखान्यांत बायकांना काम मिळाले. आज हे प्रमाण दीडच्याही खाली आहे. हिंदू, मुसलमान, क्रिओल, चिनी सगळ्यांची कुटुंबे लहान झाली. 1972 मध्ये मुसलमान 16.6 टक्के होते, 2011 मध्ये 17.3. चाळीस वर्षांत एक टक्कासुद्धा नाही. आपल्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर जे हिशेब फिरतात ते करणाऱ्यांनी हे बेट एकदा पाहावे. आता तिथे काळजी वेगळीच आहे. म्हातारे वाढले, कारखान्यांत बांगलादेश, नेपाळ, मादागास्करहून मजूर आणावे लागतात.

आता आमची गोष्ट. मॉरिशसमध्ये मराठी माणसे आहेत हे बऱ्याच वाचकांना ठाऊक असेल. मुंबई बंदरातून गेलेले, बरेचसे आपल्या रत्नागिरी-साताऱ्याकडचे. गणेश चतुर्थीची तिथे सरकारी सुट्टी असते, शाळेत मराठी शिकवतात. त्यांच्या झाकरी नावाच्या नाचात आम्हाला आमच्या खाडीपट्ट्यातली जाखडी लगेच ओळखू आली. व्हाकोआला एका कार्यक्रमात आम्ही पहिल्या रांगेत बसलो होतो. शेजारच्या गृहस्थांनी नाव विचारले. नाव ऐकून म्हणाले, मग तुम्ही मराठी कसे? त्यांच्या आवाजात कुत्सितपणा अजिबात नव्हता. त्यांना खरेच कोडे पडले होते. कारण तिथे तमिळ, तेलुगू, मराठी हे शब्द भाषेपेक्षा समाजाचे नाव झाले आहेत. जनगणनेत धर्माच्या प्रश्नाला मराठी असे उत्तर देणारेही आहेत. नोटांवर तमिळ आणि हिंदी अक्षरांचा क्रम बदलला म्हणून 1998 मध्ये एवढे वादळ उठले की नव्या नोटा परत घ्याव्या लागल्या. अशा ठिकाणी मराठी मुसलमान म्हणजे दोन रकान्यांत एकदम पाय ठेवणारा. आम्ही त्यांना चिपळूणचे वाशिष्ठी खाडीकाठचे आमचे गाव सांगितले, गावातला उरूस आणि गणपती दोन्ही सांगितले, आमची घरची कोकणी बोलून दाखवली. त्यांच्या आजीच्या बोलण्यातले काही शब्द त्यांना त्यात सापडले. मग त्यांनी आम्हाला घरी जेवायला नेले.

नानींना हा किस्सा सांगितला तर त्यांनी त्याहून गमतीचा सांगितला. तिथल्या जनगणनेत वाडवडिलांची भाषा कोणती, असा प्रश्न असतो. 1983 मध्ये हजारो मुसलमानांनी तिथे अरबी लिहिले. आजोबा बिहारचे, घरात भोजपुरी, रस्त्यावर क्रिओल, अरबी फक्त नमाजेपुरती. नानींच्या थोरल्या भावानेही तेच लिहिले होते. अब्बांनी त्याला विचारले, माझी अम्मी तुला अरबीत ओरडायची का? कोणी याला हसेल. आम्हाला हसू आले नाही. भोजपुरी लिहिली तर हिंदूंत धरतील, उर्दू लिहिली तर पाकिस्तानशी जोडतील, मग कोणाचीच नाही अशी अल्लाहच्या किताबाची भाषा लिहून मोकळे व्हावे, असे त्या भावाला वाटले असेल. आज तिथे पाचातल्या चाराहून अधिक माणसे घरी क्रिओलच बोलतात. भोजपुरी नानींबरोबर चालली आहे.

परत आल्यावर आम्ही 2011 चे महाराष्ट्राचे आकडे काढून बसलो. राज्यात मुसलमान सुमारे 1 कोटी 30 लाख. उर्दू मातृभाषा लिहिणारे सुमारे 75 लाख. म्हणजे पन्नास-पंचावन्न लाख मुसलमानांनी दुसरी कुठली तरी भाषा सांगितली : मराठी, हिंदी, कोकणी, गुजराती, आणखी काही. आपल्याविषयी बोलणारे, आपले पुढारी धरून, या पंचावन्न लाखांना विसरून बोलतात. प्रगणकाला सूचना स्पष्ट असते. लहानपणी आईने ज्या भाषेत संभाषण केले ती मातृभाषा. माणूस सांगेल तीच लिहायची, वाद घालायचा नाही. तरीही नाव ऐकून, विचारण्याआधीच उर्दू लिहिणारे सहकारी आम्ही पाहिले आहेत. आणि मराठी लिहा म्हटले तर, गुरुजी, मशिदीत काय सांगू, असे कुजबुजणारे कुटुंबप्रमुखही पाहिले आहेत. अशा घरी आम्ही पेन खाली ठेवून आधी घरच्या म्हातारीला बोलते करायचो. तिने चहा घेता का असे ज्या भाषेत विचारले, तिचे नाव घरच्यांना सांगायचो आणि विचारायचो, ही लिहू? बहुतेक वेळा ते हो म्हणत.

उर्दूशी आमचे वैर नाही. आमच्यातल्या एकीने तेहतीस वर्षे उर्दू शिकवली आणि तिच्या विद्यार्थिनी आज डॉक्टर आहेत. जिच्या आईने उर्दूत अंगाई म्हटली तिने उर्दूच लिहावी. प्रश्न आहे तो आपल्या आईची भाषा दुसऱ्याने ठरवण्याचा.

आता 2027 ची जनगणना दारात आहे. या वेळी जातही विचारणार आहेत, आणि आपल्या समाजात त्यावर आत्तापासून चर्चा चालू आहे. मातृभाषेवर मात्र कोणी बोलत नाही. आम्ही दोघे निवृत्त, या वेळी नाव सांगणाऱ्यांच्या बाजूला बसणार. आम्ही आमच्यापुरते कोकणी सांगणार, आणि येत असलेल्या दुसऱ्या भाषांत मराठी आणि उर्दू. घरात एक पेच आहे तो नातवाचा. पुढच्या वर्षी मुलगा कुटुंबासह परत यायचे म्हणतो. नातवाचा जन्म कात्र बोर्नचा. सून औरंगाबादची, त्याच्याशी उर्दूत बोलते. मुलगा कोकणीत रागावतो. आणि तो स्वतः झोपेत बरळतो ते क्रिओलमध्ये.